देवाच्या दारी माणसाचे मोल

आषाढ शुद्ध एकादशीला पंढरीची वाट धरणाऱ्या भाविकांस मंगळवेढा हे नाव नवे नाही. पंढरपुराहून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील हे गाव सोलापूर जिल्ह्यातील ज्वारीचे कोठार म्हणून विख्यात असून येथील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु मंगळवेढ्याची खरी कीर्ती धान्याच्या कोठारापेक्षा संतांच्या मांदियाळीमुळे आहे. बाराव्या शतकात कलचुरी बिज्जलाच्या सेवेत असताना महात्मा बसवेश्वरांचे वास्तव्य याच भूमीत घडले. पुढे चोखोबा, दामाजीपंत आणि कान्होपात्रा यांच्या चरित्रांनी हे गाव वारकऱ्यांच्या हृदयात कायमचे कोरले गेले.

या संतांच्या कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. भक्तावर संकट आले आणि देव धावून आला, एवढेच सार त्यांतून आपण बहुधा घेतो. पण या कथांत आणखी एक दान दडलेले आहे. ज्याला जगाने हलके ठरविले त्याला भक्तीने स्वतःचे मोल दाखवून दिले, हेच ते दान होय.

चोखोबांचेच चरित्र पाहावे. तत्कालीन समाजाने अस्पृश्य लेखलेल्या महार कुळात त्यांचा जन्म झाला. गुरेढोरे ओढावीत, पडेल ते कष्ट उपसावेत आणि विठ्ठलाचे दर्शन महाद्वाराबाहेरूनच घ्यावे, असे त्यांचे जिणे होते. तरीही या माणसाने अभंग रचले. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, भगिनी निर्मळा आणि मेहुणे बंका या साऱ्या कुटुंबाची वाणी अभंगरूपाने प्रकटली. ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांनी देवाशी भांडण मांडले, त्याला जाब विचारला आणि विटाळ म्हणजे नेमके काय, असा थेट प्रश्न केला. देव आपले ऐकतो, ही खात्री नसती तर असा प्रश्न ओठांवर आलाच नसता.

शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून चोखोबांचा अंत झाला. ज्या गावाने त्यांना कुसाबाहेर ठेवले, त्याच गावाचे कूस बांधताना त्यांचा देह पडावा, याहून विदारक ते काय? नामदेवराय अस्थी वेचावयास आले, तेव्हा ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटत होता त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, अशी श्रद्धा आहे. त्या अस्थींना पंढरपुरी महाद्वारासमोर समाधी मिळाली. आजही वारकरी विठुरायाच्या भेटीस जाताना चोखोबांच्या समाधीपुढे आधी मस्तक नमवितो.

दामाजीपंतांच्या कथेतही हेच सूत्र आहे. दुष्काळात भुकेल्या जिवांसाठी त्यांनी बहामनी सरकारचे धान्याचे कोठार मोकळे केले. तेव्हा त्या धान्याची रक्कम भरण्यासाठी पांडुरंग बेदरास गेला, तो विठू महाराचे रूप घेऊन. पंतांचा कैवार घेताना देवाला हेच रूप धारण करावेसे वाटले, या गोष्टीचे मनन आपण पुरेसे केले आहे काय? ज्याची सावली टाळली जात होती, त्याचेच रूप देवाने पांघरले, ही गोष्ट याच गावाने शतकानुशतके कीर्तनांतून ऐकली आहे.

आणि कान्होपात्रा! मंगळवेढ्यातील श्यामा नावाच्या गणिकेची ही लेक. रूपाचे मोल बाजारात व्हावे, असेच तिचे प्राक्तन ठरलेले होते. पुढे बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले. ज्या देहाची किंमत बाजार आणि दरबार ठरवू पाहत होते, तो तिने पांडुरंगाच्या पायी ठेवला व तेथेच प्राण सोडला. मंदिराच्या आवारातील तरटीचा वृक्ष तिची साक्ष देत उभा असल्याचे भाविक मानतात. तिला ना थोर कूळ, ना कोणा गुरूचा वारसा. आपण विकाऊ वस्तू नाही, हे तिने विठ्ठलाच्या आधाराने निश्चयपूर्वक जाणले होते.

श्रद्धेतून आत्मविश्वास लाभण्याचा हा अनुभव एका पंथापुरता मर्यादित नाही. आपल्याच महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तुकोबांच्या वाणीनेच आपल्याला ख्रिस्तचरणांपर्यंत पोचविले, अशी त्यांची भावना होती आणि अभंग व कीर्तन यांचा संग त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची कथा तर विशेष मननीय आहे. त्यांचे बालपण अशा घरात गेले, की जेथे वडील मीठसाखरही धुऊन घेण्याइतके सोवळे पाळीत. शाळेचे शिक्षण नाही आणि पतीच्या धर्मांतराने आयुष्याची घडी विस्कटलेली. अशा या बाईंनी पुढे स्वतः विचार केला, की देवाने माणसांत भेद निर्माण केलेला नाही, तो माणसांचाच आहे. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांची ना उरली नाही. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नगरला प्लेगच्या छावणीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ने मराठी आत्मचरित्राला मानदंड घालून दिला.

चोखोबा आणि लक्ष्मीबाई यांच्यात शतकांचे अंतर, जातीचे अंतर आणि धर्माचेही अंतर. एकाला समाजाने खाली लोटले होते. दुसरीला दुसऱ्यास खाली लेखण्याचे बाळकडू मिळाले होते. पण देवापुढे उभे राहिल्यावर दोघांनाही एकच गोष्ट उमगली. माझे मोल माझ्या जन्मावर ठरत नाही. आणि माझे ठरत नसेल, तर दुसऱ्याचेही ठरत नाही. अहंकार आणि आत्मसन्मान यांतला भेद येथेच कळतो. अहंकाराला मोठे होण्यासाठी शेजारी कोणी तरी लहान असावा लागतो. श्रद्धेतून आलेल्या आत्मसन्मानाला तशी गरज भासत नाही.

एवढे मात्र खरे, की अंतरीचा विश्वास लाभला म्हणून बाहेरचा अन्याय आपोआप सरत नाही. चोखोबांच्या देहावसानानंतर ६०९ वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे विठ्ठलमंदिराचे दार सर्वांस खुले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. भक्ताने आपले मोल ओळखले होते. ते मान्य करण्यास समाजाला मात्र सहा शतके लागली. हा विलंब देवाच्या दारी झाला नाही, तो आपल्या दारी झाला.

म्हणून एकादशीच्या दिवशी देवघरात तुळस वाहताना आपल्या उंबरठ्याकडेही एकवार पाहावे. घरी राबणाऱ्या बाईचा चहाचा कप वेगळा ठेवलेला नाही ना? गुण कमी पडले म्हणून खाली मान घालून बसलेल्या मुलाला, सासरी अबोल झालेल्या सुनेला, आता आपला उपयोग उरला नाही असे वाटणाऱ्या वृद्धाला, तू देवाला हवा आहेस असे कोणी तरी सांगितले आहे ना? उपवासाचे फराळ सर्वांनी एका पंगतीत बसून घ्यावे. मंगळवेढ्याच्या संतांची आठवण त्याहून चांगल्या रीतीने कोणती ठेवता येईल?