कात्रणाची मागची बाजू

‘दिनांक : उपलब्ध नाही.’ जुन्या मराठी कात्रणांचे डिजिटल संग्रह चाळताना ही ओळ सारखी आडवी येते. बातमी असते, फोटो असतो, कोपऱ्यात ‘दलाल’ अशी सही असलेलं चित्रही असतं. ते कधीचं, एवढंच कळत नाही. कापणाऱ्याच्या हातात त्या दिवशीचाच अंक होता. तारीख लिहून ठेवावी असं त्याला कशाला वाटेल?

पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात अशाच काही चोपड्यांचं स्कॅनिंग चालू आहे. कुणा हौशी वाचकाने हिशेबाच्या वह्यांमध्ये वर्षानुवर्षं कात्रणं डकवली आणि घरच्यांनी ती देणगी म्हणून आणून दिली. खोलीत डांबरगोळ्यांचा वास भरलेला. मऊ ब्रशने धूळ झटकायची, पान कॅमेऱ्याखाली ठेवायचं, काच टेकवायची, बटण दाबायचं.

चित्रं मात्र सहजी दाद देत नाहीत. जुने छापील फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. ती आणि स्कॅनरची जाळी एकमेकींशी जुळली नाही की चेहऱ्यावर लाटा उमटतात. मग तेच पान जास्त रिझोल्यूशनवर पुन्हा घ्यायचं. कागदाचं वेगळंच. लाकडाच्या लगद्यापासून केलेला वर्तमानपत्री कागद तपकिरी होऊन कडांनी झडतो; त्याच्या कितीतरी आधीचा, चिंध्यांपासून केलेला कागद त्याच्याशेजारी तरुण दिसतो.

काम सांभाळणाऱ्या बाईंना ‘फक्त पुढची बाजू’ अशी सूचना आहे. त्या ती पाळतात आणि पाळत नाहीतही. खळ फक्त वरच्या कडेला लावलेली असेल तर चिमट्याने कात्रण अलगद उचलतात आणि हाताखालच्या मुलाला म्हणतात, “अरे, आधी उलटून बघ.”

मागे अर्धवट कापलेल्या जाहिराती असतात, बाजारभाव असतात. किंमत ‘नव्या पैशां’त असेल तर ते कात्रण बहुधा १९५७ ते १९६४ या काळातलं, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली आणि ‘नवे’ हा शब्द १९६४मध्ये गळाला. चालू बातमीत ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६०च्या आधीचं. कापणाऱ्याने टाकाऊ म्हणून सोडलेल्या बाजूवर अशी उत्तरं पडून असतात.

बाईंची आवडती जाहिरात प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट १२ डिसेंबर १९३६ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला. “सत्तावन्न आठवडे चालला,” त्या सांगतात. एका कात्रणामागे ‘सेंट्रल’ आणि ‘आठवडा ४० वा’ असं दोन्ही शाबूत होतं. मुलाने मोबाइलवर हिशेब केला : ११ ते १७ सप्टेंबर १९३७. पुढच्या बाजूला कुठल्याशा सत्कार समारंभाचा, नावं कापली गेलेला फोटो. त्याला पहिल्यांदाच तारीख मिळाली. “सत्तावन्न आठवडे,” बाई पुन्हा म्हणाल्या, जणू चित्रपट त्यांच्या कामासाठीच एवढा चालला.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहात बातमी उघडली की तिच्याभोवतीचं अख्खं पान बघता येतं. यंत्राने चुकीचा वाचलेला मजकूर वाचक घरबसल्या दुरुस्तही करतात. तिथे अंक मुळात अखंड आहेत. इथे शेजार कात्रीने आधीच तोडलेला. जो काही उरलाय तो पाठीवर. तोही स्कॅन करायचा नाही, ही काटकसर अनाकलनीय आहे. डिस्कवर जागा लागेल, वेळ लागेल, हे खरं. पण चोपडी एकदा कपाटात परत गेली की ते कात्रण पुन्हा कोण उचलणार?

पुढच्या कात्रणावर ‘तुकाराम’ पुन्हा आला, ‘आठवडा २० वा’. थिएटरचं नाव मात्र कात्रीखाली गेलेलं. मुंबईचं सेंट्रल की दुसऱ्या गावचं एखादं, ठरेना; गाव बदललं की आठवड्यांची मोजणीही बदलते. बाईंनी तारखेच्या रकान्यात ‘१९३७?’ असं टाकलं. सॉफ्टवेअरने प्रश्नचिन्ह नाकारलं. नुसतं ‘१९३७’ टाकल्यावर दिवस-महिना त्याने स्वतःच भरले : १ जानेवारी १९३७. त्या दिवशी सेंट्रलला ‘तुकारामा’चा तिसरा आठवडा चालू होता. बाईंनी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, ‘तारीख चूक आहे, मागची बाजू पाहा,’ आणि सूचना बाजूला ठेवून कात्रण उलटं करून काचेखाली सरकवलं.