पहिली गाडी: शोरूमला जायच्या आधी वहीत करायचा हिशेब



"सर, बजेट पाच लाख आहे, कोणती गाडी घेऊ?" हा प्रश्न नेहमी येतो. यावर मी दोन उलटे प्रश्न विचारतो. गाडीत काय भरणार? आणि धंदा थंड असलेल्या महिन्यात हप्ता कुठून भरणार? मॉडेलचं नंतर बघू.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यात एका ताईंचा घरगुती मसाले आणि फराळाचा व्यवसाय आहे. कराड, वाई आणि कोरेगाव इथल्या दुकानांत आठवड्याला एकेक फेरी असते. सगळं मिळून महिन्याला साधारण 900 किलोमीटर होतात. सध्या ओळखीचा टेम्पोवाला माल पोचवतो आणि महिन्याला 9,000 रुपये घेतो. दिवाळीच्या महिन्यात ताईंच्या हातात चांगले पैसे राहतात. पण आषाढात घरखर्च जाऊन 7,000 उरले तरी खूप.

बँक म्हणते, पाच लाख देतो. साडेनऊ टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता साधारण 10,500. ऐकायला बरं वाटतं. आता वहीत पुढचं लिहा. लिटरला 15 किलोमीटर आणि 105 रुपये धरले तर पेट्रोल 6,300. विम्याचे महिन्याला 1,300 बाजूला टाका. सर्व्हिसिंग, टायर, पंक्चर, पार्किंग मिळून 1,700. बेरीज झाली 19,800. टेम्पोचे 9,000 वाचले तरी 10,800 जास्तीचे लागणार, आणि आषाढात आहेत 7,000. म्हणजे 3,800 कमी पडले.

हे 3,800 येतात कुठून माहितीये? मिरचीच्या पैशातून. उन्हाळ्यात मिरची, धणे, हळद एकदम भरून ठेवायला जी रक्कम जपलेली असते, तिलाच हळूहळू हात लागतो. डाउन पेमेंटही बहुतेक वेळा त्याच पिशवीतून गेलेलं असतं. मग हंगामात माल उधारीवर, वाढीव भावाने घ्यावा लागतो. गाडी दारात उभी असते आणि धंदा आक्रसत जातो. म्हणून बँक किती द्यायला तयार आहे हा आकडा आपल्या कामाचा नाही. सगळ्यात वाईट महिन्यात उरणारी रक्कम, ही आपली मर्यादा.

इथे सेल्समन म्हणेल, "मॅडम, सात वर्षं करू, हप्ता कमी होईल." होईल ना, साधारण 8,170 होईल. पण एकूण व्याज जवळपास 56,000 रुपयांनी वाढेल. आणि तरीही आषाढात पैसे कमीच पडतील, करून बघा.

आता जुनी गाडी बघू. किंमत तीन लाख, त्यातले 1,20,000 स्वतःचे, मिरचीचे पैसे सोडून. उरलेल्या 1,80,000 वर 13 टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता साधारण 6,065 येतो. व्याजदर जास्त आहे, पण मुद्दल कमी आणि मुदत छोटी. पेट्रोल तेवढंच, विमा 800, दुरुस्तीला जास्त म्हणजे 2,500 धरू. टेम्पोचे पैसे वजा केले की जास्तीचे लागतात साधारण 6,665. जेमतेम बसलं.

फक्त दर विचारताना एक नक्की विचारा: फ्लॅट की रिड्युसिंग? "फक्त 8 टक्के" म्हणणारा फायनान्सवाला फ्लॅट सांगत असेल, तर तीन लाखांवर तीन वर्षांचं व्याज 72,000 होतं. तुम्ही मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र पूर्ण तीन लाखांवरच लागत राहतं. बँकेच्या भाषेत तो दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो. बँक असो, पतसंस्था असो, एकूण किती परत करायचे तो आकडा लिहून घ्या, प्रोसेसिंग फीसकट.

पण थांबा, हिशेब बसला म्हणजे झालं असं नाही. पहिला प्रश्न राहिलाच: गाडीत काय भरणार?

पांढऱ्या नंबर प्लेटच्या कारची विमा पॉलिसी काढून वाचा. वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने वापर चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच यादीत मालवाहतूकही असते, सूट असते ती नमुने आणि वैयक्तिक सामानाला. म्हणजे मागची सीट पाडून मसाल्याचे खोके भरले आणि खंबाटकी घाटात गाडी ठोकली, तर नुकसानभरपाई नाकारायला कंपनीला कारण मिळतं. तुम्ही फक्त सॅम्पल घेऊन ग्राहकांकडे जाणारे असाल तर कार ठीक आहे. रोज मालच न्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पिवळ्या प्लेटची छोटी मालवाहू गाडी बघा, टाटा एस किंवा सुपर कॅरीसारखी. दिसायला रुबाब नाही, मान्य! पण मालासह एकूण वजन तीन टनांपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, आणि साधं कारचं लायसन्स चालतं. धंद्याच्या गाडीसाठी मुद्रा कर्जाचा पर्यायही आहे, तो घरच्या कारला नाही. जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर क्रेडिटही मालवाहू गाडीवर मिळतं, कारवर सहसा मिळत नाही. तोटा एवढाच की विमा वेगळा पडतो आणि ठरावीक मुदतीने फिटनेस करावं लागतं, गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी. तेही पैसे वहीत धरा आणि हिशेब पुन्हा मांडा.

"टॅक्स वाचतो म्हणून गाडी घ्या" असं कोणी सांगितलं तर आधी आपलं रिटर्न बघा. अंदाजित उत्पन्न योजनेत रिटर्न भरणाऱ्याला गाडीचा घसारा वेगळा मिळत नाही.

जुनी गाडी घेताना भाव ताणा. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल कारवर आणि मालवाहू गाड्यांवरही जीएसटी 18 टक्के झाला. विकणारा अजून जुन्या किमतीवरून भाव काढत असेल तर नव्याचं कोटेशन त्याच्यासमोर ठेवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. 2019 आणि 2021 चा पूर आपल्याकडे किती गाड्यांनी पाहिलाय, चिखलाचा डाग तिथे सापडतो. एमपरिवहनवर विमा, चलनं आणि आरसीवर बँकेचं नाव आहे का ते तपासा. असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घ्या. "नावावर नंतर करू" हे ऐकू नका. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे प्रीमियमचा थोडा फरक भरावा लागेल. तो आजच विचारून घ्या आणि गाडीच्या किमतीत धरा.