आडनाव विसरा, गाव शोधा: खापरपणजोबांचा माग

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर दांडा घट्ट धरा, आज दीडशे वर्षं मागे जायचंय.

तुमच्यापैकी अनेकांचा एकच मेसेज: ‘दादा, पणजोबांच्या आधीचं कुणी सापडेल का?’ काहींना नुसती उत्सुकता आहे. काहींना जातपडताळणीसाठी जुना पुरावा हवाय आणि अ‍ॅडमिशनची तारीख डोक्यावर आलीय.

सापडतं. पण आडनावाने शोधलंत तर बहुतेक हात हलवत परत याल. एकोणिसाव्या शतकातल्या गावच्या दप्तरात माणूस बरेचदा ‘रामा बिन धोंडू’ असा भेटतो. बिन म्हणजे ‘चा मुलगा’. बस्स, आडनाव नाहीच. माझ्या खापरपणजोबांची ओळख पटली ती त्यांच्या वडिलांच्या नावावरून आणि गावावरून. डोंबिवलीतली आपली बरीच घरं कोकणातून नाहीतर घाटावरून आलेली, म्हणजे कागद कल्याणला नाही, मूळ तालुक्याला असणार. गाव नक्की माहीत नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला फोन लावा. आजच लावा.

मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मागायचा. ही जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. अर्ज केला की नक्कल मिळते. अक्षर मोडी निघालं तर अंदाजाने वाचू नका. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला तो या असल्या दप्तरांमुळेच.

दुसरी जागा म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय. यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं त्यांच्या नामावळीत असतात. तिथेही पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ हाच. साल शकात असेल तर 78 मिळवा: शके 1790 म्हणजे साधारण 1868.

बायकांचा माग मात्र फार अवघड, आणि याचा मला खरंच राग येतो. कल्याणच्या जोशी घरातली, 1865 साली जन्मलेली यमुना घ्या. लग्नानंतर ती आनंदी झाली, 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. माहेरच्या कागदांत ‘आनंदी’ शोधत बसलात तर ती भेटणारच नाही. तिचं चरित्र 1888 मध्येच छापलं गेलं. तुमच्या खापरपणजीचं कुणी लिहिलेलं नाही. म्हणून आत्या फोनवर आली की आधी हे दोन प्रश्न विचारा: खापरपणजीचं माहेरचं नाव काय, आणि माहेरचं गाव कुठलं?