पात्याला काय दिसतं?

स्वयंपाकघरातली एक स्टीलची वाटी घ्या. आपण जगात कुठेही राहत असलो तरी ती असतेच, बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणलेली. खिडकीजवळ ठेवून मोबाइलने तिचा फोटो काढा आणि मग फोटोत वाटी शोधा. खिडकीची चौकट दिसेल, छताचा दिवा दिसेल, वेडेवाकडे ताणलेले तुम्ही स्वतः दिसाल. वाटीचं स्वतःचं असं फार थोडं हाती लागेल.

गेली चार वर्षं मी सुट्टीच्या दिवशी हाताने घडवलेल्या घडीच्या चाकूंचे फोटो काढतो. या छंदातली जवळजवळ सगळी अडचण त्या वाटीत आहे.

मी राहतो शेफील्डमध्ये. चाकू-कात्र्यांचं हे जुनं गाव. 1913 साली हॅरी ब्रेअर्लींना क्रोमियम घातलेलं, न गंजणारं पोलाद इथेच सापडलं, म्हणजे तुमची वाटीही या गावाच्या नात्यातली. एकेका खोलीत स्वतंत्र काम करणाऱ्या कारागिरांना इथे ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. खिशातल्या चाकूंसाठी नावाजलेले स्टॅन शॉ 2021 मध्ये गेले, आणि आता असे लोक फार उरलेले नाहीत. इथल्याच एका कारागिराकडून मी पहिला चाकू घेतला. पातं अडीच इंची, मूठ सांबराच्या शिंगाची, भारताने शिंगांची निर्यात थांबवण्याआधीच्या साठ्यातली. घरी आणून काळ्या कापडावर ठेवला, टेबललॅम्प लावला, फोटो काढला. शिंग सुरेख आलं. पातं मात्र काळंकुट्ट, मधे एक पांढरा फराटा. कारागिराला दाखवला तर म्हणाला, “मूठ माझीच आहे. चाकू कुठे गेला?”

झालं काय होतं? कागदावर प्रकाश पडला की तो सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून दिवा कुठेही असला तरी कागद पांढरा दिसतो. शिंगाचंही साधारण तेच. घासून चकचकीत केलेलं पातं मात्र प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात पलीकडे फेकतं. माझ्या लॅम्पचा प्रकाश छताकडे गेला आणि कॅमेऱ्याकडे आला तो खोलीतला अंधार. पात्याने प्रामाणिकपणे जे दिसलं ते दाखवलं.

म्हणून उपाय असा की चाकूवर प्रकाश टाकायच्या भानगडीत पडायचं नाही. पात्याला बघायला काहीतरी उजळ द्यायचं. कॅमेऱ्याच्या जागेवरून पात्यापर्यंत एक रेघ मनात ओढा, ती आरशासारखी परावर्तित करा, आणि जिथे पोहोचेल तिथे बटर पेपरचा ताव उभा करून त्याच्यामागे दिवा ठेवा. ताव केवढा हवा? पातं 6 सेंटिमीटर, कॅमेरा 40 सेंटिमीटरवर आणि कागद 20 सेंटिमीटरवर असेल, तर सपाट पात्याला 9 सेंटिमीटर रुंदी पुरते. पण पातं सपाट नसतं, धारेकडे निमुळतं होत जातं. एखादी बाजू 3 अंशांनी कललेली असेल तर परावर्तित किरण 6 अंशांनी वळतो आणि कागदावर 2 सेंटिमीटर सरकतो. तेव्हा ए-फोर आकाराचा कागद घ्या आणि निश्चिंत व्हा. इथलं नोव्हेंबरचं आभाळ तर आयता बटर पेपरच आहे. या हवामानाबद्दल मी काढलेला हा एकमेव चांगला शब्द.

कागद लावल्यावर पातं एकदम पांढरं होतं, पुठ्ठ्यातून कापल्यासारखं. मग कागदाच्या एका कडेला काळ्या कार्डाची पट्टी चिकटवा. ती पात्याला ‘दिसली’ की नखाने पातं उघडायची खाच, पाठीची कड, धारेचा उतार सगळं वर येतं.

“पोलरायझर लावा, चमक जाईल” हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. शिंगावरच्या किंवा लाकडी मुठीवरच्या चमकेसाठी तो खरा आहे. धातूवर त्याने फारसं काही होत नाही, कारण काच किंवा लाखेसारखं धातूचं परावर्तन कोणत्याही कोनात पूर्ण ध्रुवीकृत होत नाही. छिद्र पार एफ-22 पर्यंत लहान करण्याचा मोहही टाळा. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत विवर्तनामुळे सगळंच मऊ पडतं. त्यापेक्षा एफ-8 वर फोकस थोडा थोडा सरकवत सात-आठ फोटो घ्या आणि जोडा.

(ब्रिटनमध्ये असाल तर: घडीचा, न अडकणारा आणि 3 इंचांपर्यंत धार असलेला चाकूच विनाकारण खिशात बाळगता येतो. इतर देशांत नियम वेगळे आहेत. बागेत फोटो काढायला निघण्यापूर्वी तिथला कायदा वाचा.)

आता जे सांगायचंच होतं ते. माझं रोजचं काम धातूंचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं. तिथे दोन पद्धती असतात. एकीत गुळगुळीत पृष्ठभाग उजळ दिसतो. दुसरीत प्रकाश तिरका येतो, गुळगुळीत भाग काळा पडतो आणि फक्त ओरखडे, खड्डे, भेगा चमकतात. बटर पेपर ही पहिली पद्धत, आणि ती बारीकसारीक खोट पांढऱ्या उजेडात बुडवून टाकते. विक्रीचे फोटो इतके देखणे असतात ते उगाच नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच कारागिराने एका चाकूचा फोटो मागितला, परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायला. मी कागद लावून काढला, छान आला, गेलाही. चाकू परत द्यायच्या आधी निव्वळ हौस म्हणून कागदाच्या जागी काळं कार्ड ठेवलं आणि दिवा टेबलाच्या पातळीवर आणला. काळ्या पात्यावर घासकामाच्या बारीक समांतर रेघा उमटल्या. आणि मुठीजवळ एक रेघ त्या सगळ्यांना आडवी जाणारी, चारेक मिलिमीटर.

घासकामाच्या रेघा एकमेकींना आडव्या जात नाहीत, निदान त्याच्या हातच्या तरी. मी एक दिवस तो फोटो स्वतःजवळच ठेवला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्याच्या कामातली खोट दाखवायची कशी, हे मला सुचत नव्हतं. शेवटी नेऊन दाखवला. त्याने भिंग लावलं, पातं खिडकीकडे तिरकं धरून बराच वेळ पाहिलं. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पोलाद तेलात बुडवताना, पडलेली भेग. जोर लागला असता तर पातं तिथेच तुटलं असतं, कदाचित कुणाच्या तरी बोटांवर.

त्याने चाकू मिटला. त्या स्प्रिंगचा खट्ट आवाज फोटोत कधीच येत नाही. मग गिऱ्हाइकाला लिहिलं की सहा आठवडे लागतील, आणि मला म्हणाला, “पुढच्या वेळी काळा फोटो आधी काढ.”