विश्लेषण : टर्बो इंजिनाच्या प्रेशर सेन्सरशी छेडछाड का महागात पडते?

गणेशोत्सवात मुंबईहून खेडकडे येणाऱ्या मोटारी माणसांनी आणि सामानाने खच्चून भरलेल्या असतात. कशेडीला बोगदा झाला असला, तरी महाबळेश्वरकडचा आंबेनळी घाट किंवा खेड तालुक्यातला रघुवीर घाट चढताना गाडीचा कस लागतोच. मग ‘एक छोटा बॉक्स बसवा, पिकअप वाढेल’ असा सल्ला मिळतो. हा ट्युनिंग बॉक्स इंजिनाच्या प्रेशर सेन्सरच्या वायरिंगमध्ये बसतो. तो नेमके काय करतो?

प्रेशर सेन्सरचे काम काय?

टर्बोचार्जर एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो आणि इंजिनात जादा हवा ढकलतो. ही हवा किती दाबाने आली, हे इनटेक मॅनिफोल्डजवळचा ‘मॅप सेन्सर’ मोजतो. त्याच्या आत सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. दाबाने तो वाकला की त्याचा विद्युतरोध बदलतो. त्यानुसार ० ते ५ व्होल्टच्या दरम्यानचा सिग्नल इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ‘ईसीयू’ला मिळतो. किती इंधन सोडायचे आणि टर्बोला कुठे आवरायचे, हे ईसीयू त्यावरून ठरवतो.

हा सेन्सर निर्वात पोकळीला शून्य मानून दाब मोजतो. खेड समुद्रसपाटीच्या जवळ असल्याने तिथे हवेचा दाब साधारण १ बार असतो. सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला तो ०.८६ बारच्या आसपास उतरतो. हवा विरळ झाल्याचे ईसीयूला या आकड्यांवरूनच कळते.

मग बॉक्स काय करतो?

तो खरा आकडा लपवतो. समजा, प्रत्यक्ष दाब २ बार आहे. बॉक्स ईसीयूला १.८ बार दाखवतो. दाब कमी पडतोय असे समजून ईसीयू टर्बोला आणखी जोर लावायला सांगतो. डिझेल गाडीत हीच युक्ती इंधनाच्या कॉमन रेलवरील सेन्सरबाबत केली जाते. तिथे दाब कमी दिसला की पंप तो वाढवतो आणि जास्त इंधन आत जाते.

ताकद वाढल्याचे जाणवते, हे खरे. पण दाब मर्यादेबाहेर गेल्यावर इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी सुरक्षा याच सेन्सरवर अवलंबून असते. तिलाही चुकीचाच आकडा मिळतो.

मोठ्या क्षमतेचा सेन्सर बसवला तर?

रेसिंगच्या गाड्यांत तसे करतात. पण २.५ बारच्या जागी ३ बारचा सेन्सर नुसता बदलला, तर खरा १.५ बार दाब ईसीयूला ढोबळमानाने १.२५ बार वाटेल. म्हणून सेन्सरबरोबर ईसीयूमधील आकडेमोडही बदलावी लागते आणि इंजिन डायनोवर तपासावे लागते.

घाटात धोका जास्त का?

सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना पूर्ण दाब काही सेकंदच लागतो. घाटात तो कितीतरी मिनिटे टिकतो. गाडीचा वेग कमी, त्यामुळे रेडिएटर आणि इंटरकूलरला वारा कमी, त्यात एसी सुरू. अशा वेळी एक्झॉस्टचे तापमान वाढत जाते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोचे बेअरिंग, पिस्टन आणि हेड गॅस्केट यांवर ताण येतो. पेट्रोल इंजिनात ‘नॉकिंग’ होऊ शकते. डिझेलमध्ये धूर वाढून काजळीचा फिल्टर लवकर तुंबतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते, ती वेगळीच.

गाडी खरेच दमत असेल तर?

आधी साध्या गोष्टी पाहा : तुंबलेला एअर फिल्टर, इंटरकूलरच्या पाइपला गेलेली चीर, सैल क्लॅम्प आणि सेन्सरवर साचलेली तेलकट काजळी. सेन्सरची एक तपासणी तर दोन मिनिटांत होते. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन सुरू करायचे आणि स्कॅनर लावायचा. खेडमध्ये आकडा १०० किलोपास्कलच्या, म्हणजे १ बारच्या जवळपास आला पाहिजे. त्यात बराच फरक असेल तर सेन्सर साफ करणे किंवा बदलणे, हा खरा इलाज. सेन्सर साफ करताना छिद्रात पिन किंवा तार घालू नये; आतला नाजूक पडदा फाटू शकतो.