तारीख आणि तिथी

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातल्या कोणालाही ही वेळ सांगावी लागत नाही. सास्तूर आज आमच्या लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा ते उमरगा तालुक्यात होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपतीचे विसर्जन आटोपून माणसे उशिरा निजली, आणि दगडमातीच्या रुंद भिंती व वरचे माळवद अंगावर आले.

तारीख अशी पाठ. तिथी मात्र आठवावी लागते. श्राद्ध मृत्युतिथीवर चालते आणि त्या पहाटे चतुर्दशी सरून भाद्रपद पौर्णिमा लागलेली होती. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला म्हणून गणपती इतके लांबले. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, त्यामुळे ही पौर्णिमा पुन्हा ३० सप्टेंबरला आली ती २०१२ मध्ये. यापुढे २०३१ मध्ये येईल. एरवी ती मागेपुढे सरकते. २०२५ मध्ये ती ७ सप्टेंबरला आली, तीही खग्रास चंद्रग्रहण घेऊन.

मग पितृपक्षात या मृतांचा महालय कधी करायचा? शास्त्राचे उत्तर एक नाही. पौर्णिमेला गेलेल्यांसाठी अष्टमी, द्वादशी किंवा सर्वपित्री अमावास्या सांगितली आहे. शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी. तिला घातचतुर्दशीच म्हणतात. अपमृत्यूसाठी दिवस राखून ठेवणारी ही व्यवस्था मला कर्मकांडापेक्षा अनुभवी वाटते. रोगराई, लढाया, दुष्काळ पाहिलेल्या समाजानेच ती बसवली असणार.

पण ती सर्वांची नाही. या भागात लिंगायत समाज मोठा. त्यांच्यात दफनाची रीत, आणि बसवप्रणीत आचारात श्राद्धाला जागा नाही. गावोगावी मुसलमान घरेही होती. पावसात, ढिगाऱ्यांतून प्रेते निघत असताना सामूहिक चिता पेटल्या. तिथे प्रत्येकाची रीत विचारायला सवड कोणाला? तिथी पाळायची ती ज्याच्या त्याच्या घराने. सगळ्यांचा म्हणून एकच दिवस उरतो, तो सरकारी कॅलेंडरचा. दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी पोलीस मानवंदना देतात, लोक फुले वाहतात. काही जाणकार याला नुसता शासकीय उपचार समजतात. मला ते पटत नाही. जातीपंथाची अट नसलेले ते वर्षश्राद्धच आहे.

एक प्रश्न दोन्हीकडे उरतो: ज्या घरात कोणीच वाचले नाही, त्यांचे काय? तर्पणाच्या शेवटी स्नानाचे वस्त्र पिळतात. ते पाणी आपल्या कुळात निपुत्रिक गेलेल्यांसाठी असते. त्यांची नावे घ्यावी लागत नाहीत. चुलत्याच्या, चुलत-चुलत्याच्या बुजलेल्या घरांना पोहोचते ते हेच पाणी; वस्त्र पिळणारा पुष्कळदा पुण्यात किंवा सोलापुरात भाड्याच्या खोलीत उभा असतो.