मैलाची तिसरी फेरी

आपल्या रस्त्यांवरून मैल केव्हाच हद्दपार झाला. वजनमापांचा १९५६ चा कायदा आला, पाठोपाठ दशमान पद्धती रुळली आणि दगडांवर किलोमीटरचे आकडे रंगवले गेले. भाषेत मात्र तो दगड अजून जागच्या जागी आहे. निबंधात 'मैलाचा दगड' आपण हमखास आणतो. पण मैल म्हणजे नेमके किती अंतर, असे विचारले तर पुष्कळजण गोंधळतात. मीही गोंधळले असते. गेल्या वर्षी ते अंतर पायांनी मोजायची वेळ आली तेव्हा कळले, की मैल म्हणजे १६०९ मीटर आणि वर ३४ सेंटिमीटर. ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या आणि उरलेले नऊ मीटर.

प्रस्तुत लेख या चार फेऱ्यांविषयी आहे. मी काही नामांकित खेळाडू नाही. विद्यापीठाच्या संघात माझी कधी निवड झालेली नाही आणि होईल असेही दिसत नाही. केवळ हौसेने धावणाऱ्याने मैलाची तयारी कशी करावी आणि तो कसा धावावा, याविषयी अनुभवाने व थोड्या वाचनाने जे समजले, तेवढेच येथे सांगते.

आमच्या ग्राउंडवर पहाटे पाचपासून भरतीची मुले-मुली येतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८००. म्हणून मुले चार फेऱ्या मारतात, मुली दोन. मी भरतीची तयारी करत नव्हते. शेजारच्या मैत्रिणीला अंधारात एकटीने जावे लागू नये म्हणून तिच्या सोबतीला जाई. दोन फेऱ्या झाल्या की मुली थांबत. मला वाटे, पुढच्या दोन फेऱ्यांत असे काय आहे, की तिथे आपण जायचेच नाही? मी चार फेऱ्या मारणार म्हटल्यावर आई म्हणाली, "अगं, पोरींना आठशेच असतंय न्हवं? मग दुप्पट कशापायी पळतीस?" प्रश्न रास्त होता. आमच्या घरी आजवर जो कोणी धावला तो एस. टी. पकडण्यासाठी, नाहीतर दावे तोडून सुटलेल्या म्हशीमागे. मला उत्तर देता आले नाही.

पुढे वाचताना कळले, की हा प्रश्न फार जुना आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथम ८०० मीटर धावल्या. हे अंतर बायकांना झेपत नाही असा बोभाटा झाला आणि १९६० पर्यंत ती शर्यत ऑलिंपिकमधून वगळली गेली. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर याने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण केला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला मनुष्य. त्यानंतर अवघ्या तेवीस दिवसांनी, २९ मे रोजी, बर्मिंगहॅम येथे डायान लेदर ४ मिनिटे ५९.६ सेकंदांत धावली. पाच मिनिटांच्या आत मैल धावणारी ती पहिली स्त्री. बॅनिस्टरचे नाव जगभर झाले. लेदरची वेळ मात्र विश्वविक्रम म्हणून नोंदलीही गेली नाही, कारण स्त्रियांच्या मैलाचे विक्रम जागतिक संघटना १९६७ पासून नोंदवू लागली. २०२३ मध्ये केनियाच्या फेथ किपयेगॉनने मोनॅको येथे ४ मिनिटे ७.६४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. झेपत नाही म्हणणाऱ्यांना याहून निराळे उत्तर द्यायला नको.

असो. मी पहिला मैल धावले तो मुलांच्या मागे लागून. पहिली फेरी ९२ सेकंदांत झाली तेव्हा मला वाटले, यात काय मोठेसे! दुसरीला १२१ सेकंद लागले. तिसऱ्या फेरीत पोटऱ्या दगड झाल्या, तोंड कोरडे पडले आणि घड्याळात १३८ सेकंद गेले. शेवट दिसू लागल्यावर चौथी १२७ वर आली. एकूण ८ मिनिटे १ सेकंद. मी तशीच फुफाट्यात बसले.

असे का होते? स्नायूंना लागणारी शक्ती दोन वाटांनी मिळते. एक वाट प्राणवायूची. ती सावकाश सुरू होते, पण टिकते. दुसरी प्राणवायूवाचूनची. ती झटकन शक्ती देते आणि लवकर संपते. मैलाच्या शर्यतीत सुमारे चार-पंचमांश किंवा त्याहून अधिक शक्ती पहिल्या वाटेने येते. सुरुवातीलाच जोरात सुटलेला धावपटू दुसऱ्या वाटेची शिल्लक पहिल्या फेरीत उधळतो आणि तिसऱ्या फेरीत त्याचे दिवाळे निघते. पूर्वी याचे सारे खापर लॅक्टिक आम्लावर फोडले जाई. आता असे दिसून आले आहे, की लॅक्टेट हे स्नायूंना इंधन म्हणूनही उपयोगी पडते. थकव्याची कारणे अधिक गुंतागुंतीची आहेत.

यावरून तयारीचे सूत्र निघते, आणि ते ऐकायला विचित्र वाटते: वेगाने धावण्यासाठी बहुतेक दिवस सावकाश धावावे. आठवड्यातून तीन दिवस मी चार ते सहा किलोमीटर अशा गतीने धावत असे, की शेजारणीशी सबंध वाक्य बोलता यावे. दम लागून बोलणे तुटले तर गती जास्त झाली, असे समजावे. या संथ धावण्यानेच प्राणवायूची वाट रुंद होते. एक दिवस ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, ज्या वेगाने मैल धावायचा त्याच वेगाने, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन-तीन मिनिटे चालणे. आणखी एक दिवस संथ धावणे झाल्यावर १०० मीटरचे चार-पाच झपाटे. उरलेले दोन दिवस विश्रांती. ही विश्रांती चुकवू नये. उत्साहाच्या भरात मी एकदम अंतर वाढवले आणि नडग्या दुखू लागल्याने पंधरा दिवस घरी बसले.

बॅनिस्टर हाही वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि दुपारच्या सुटीत सराव करी. पाव मैलाच्या दहा फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती, हा त्याच्या सरावाचा गाभा होता. एकदा त्याची प्रगती खुंटली तेव्हा तो सराव सोडून मित्रांबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेला. परत आल्यावर त्याच फेऱ्या अधिक जलद झाल्या.

माझी प्रगती खुंटली तेव्हा कारण वेगळे निघाले. तीन महिने नियमाने धावूनही वेळ साडेसातच्या खाली येईना. महाविद्यालयात आरोग्य तपासणी झाली तीत माझे हिमोग्लोबिन ९.८ भरले. प्राणवायू वाहून नेणारे तेच. तेच कमी असेल तर वाट कितीही रुंद करून काय उपयोग? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या वर्गातील निम्म्याहून अधिक बाके भरतील. जिना चढताना लागणारी धाप आपण आळसात जमा करतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह नीट शोषले जात नाही, असे बजावले. जेवणात लिंबू आले, चहा तासभर पुढे गेला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन बारावर आले.

त्यानंतरच्या एका रविवारी मुलांची १६०० ची चाचणी होती. मी त्यांच्या रेघेच्या नऊ मीटर मागे फक्कीची वेगळी रेघ मारली. सात मिनिटांत मैल म्हणजे प्रत्येक फेरीला साधारण १०४ सेकंद, हा हिशेब तळहातावर लिहून ठेवला होता. मुले सुसाट सुटली. एकटी मागे राहायची लाज वाटली, पण हिशेब सोडला नाही. पहिली फेरी १०३, दुसरी १०५.

मग ती तिसरी फेरी. सुरुवातीचा जोम ओसरलेला असतो आणि शेवटही दिसत नसतो. बॅनिस्टरच्या त्या शर्यतीतही तिसरी फेरीच सर्वांत संथ, सुमारे ६२ सेकंदांची होती. येथे वेग वाढवायचा नसतो, फक्त सोडायचा नसतो. मी पुढच्या मुलाच्या पाठीवर नजर ठेवली, खांदे सैल सोडले आणि पावले मोजली. १०६ सेकंद. चौथ्या फेरीत दोन मुलांना मागे टाकून १०१, आणि पहिल्या रेघेपासून मोजलेले ते नऊ मीटर धरून एकूण ६ मिनिटे ५७ सेकंद.

घरी येऊन आईला सांगितले. तिने विचारले, "मैल म्हंजे किती गं?" मी म्हटले, "आपल्या मळ्यापासून शाळेपर्यंत." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डोईवर भारा घेऊन मला अर्धा तास लागायचा." दुप्पट कशापायी, हे तिने पुन्हा विचारले नाही. विचारले असते तर आता सांगितले असते, की तिसरी फेरी कशी असते ते पाहायचे होते.

मैत्रिणीचे लक्ष अजून आठशेवरच आहे, आणि ते योग्यच आहे. तिला नोकरी हवी आहे. पण रविवारी तीही आता चारही फेऱ्या मारते. फक्कीची रेघ मी दर रविवारी साडेपाचला मारते. वर्गमैत्रिणींनी यावे, आणि प्राध्यापकांनीही. वेळ कितीही लागो, पहिली फेरी मात्र सावकाश.